ई-माउंटन बाइकचा पुढचा फोर्क: हवा, सॅग, क्लिक आणि पन्नास तासांची सर्व्हिस

ई-माउंटन बाइक घरी आली की बहुतेक जण शॉक पंप लावतात, कंपनीच्या तक्त्यात आपल्या वजनासमोर जो आकडा असेल तेवढी हवा भरतात आणि फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या भागाचा, विषय तिथेच संपवतात. मग उतारावर ब्रेक दाबल्यावर बाइकचं तोंड खाली जातं, म्हणून दहा पीएसआय वाढवले जातात. आता तोंड कमी बुडतं, पण दगडांवरून जाताना मनगटं भरून येतात आणि पुढचं चाक ओल्या खडकावर घसरायला लागतं. यानंतर फोर्कच वाईट आहे असं ठरवलं जातं. फोर्क बहुतेक वेळा उत्तम असतो. जे काम डँपरचं, म्हणजे फोर्कचा वेग आवरणाऱ्या भागाचं, आहे ते हवेकडून करून घेतलं, एवढीच चूक झालेली असते.

ई-बाइकवर ही चूक जास्त का होते, ते वजनाच्या हिशेबात दिसतं. साधी माउंटन बाइक 13 ते 15 किलोची, ई-बाइक 21 ते 25 किलोची. 75 किलोचा माणूस आणि 5 किलो सामान धरलं, तर एकूण भार साधारण 94 किलोवरून 103 वर जातो. वाढ दहा टक्क्यांची. सपाट जमिनीवर उभं राहिल्यावर ही वाढ दोन्ही चाकांत वाटली जाते, त्यामुळे फोर्क किती दबला यात फारसा फरक दिसत नाही. तीव्र उतारावर पुढचा ब्रेक दाबला की मात्र मोटर आणि बॅटरीचं ते जादा वजन वेगासकट पुढच्या चाकावर येतं. अंगणात बरोबर वाटणारा फोर्क उतारावर मऊ वाटतो तो यामुळे. यावरचा उपाय हवेत थोडाच आहे, बराचसा कॉम्प्रेशनच्या, म्हणजे फोर्क दबताना होणारा अटकाव बदलणाऱ्या, नॉबमध्ये आहे.

पुढचं सगळं 160 मिलिमीटर ट्रॅव्हलचा (म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा), हवेवर चालणारा, एकेरी क्राउनचा (दोन्ही पाय वर एकाच आडव्या भागाने जोडलेला) फोर्क डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. फॉक्स 38 आणि रॉकशॉक्स झेब हे त्यातले सर्रास दिसणारे दोन. दोन्ही 2020 मध्ये आले आणि दोन्हींच्या वरच्या नळ्या 38 मिलिमीटर व्यासाच्या आहेत. बाइकवर बसल्यावर डाव्या पायात हवा असते आणि उजव्या पायात डँपर, म्हणजे तेलाच्या वाटा अडवून वेग आवरणारा भाग. हवेचा व्हॉल्व्ह डावीकडे वर, कॉम्प्रेशनचा नॉब उजवीकडे वर, रिबाउंडचा लाल नॉब उजवीकडे तळाशी. वरच्या चकचकीत नळ्यांना स्टँचन म्हणतात आणि चाक ज्याला जोडलेलं असतं त्या खालच्या भागाला लोअर. लोअरमध्ये तळाशी थोडं तेल असतं. वरच्या तोंडाशी धूळ अडवणारे सील, त्यांच्याखाली तेलात भिजलेल्या फोमच्या रिंगा आणि आत बुशिंग. स्टँचन या बुशिंगवर घसरतात. देखभालीचा बहुतेक भाग या तेल-सील-फोमपुरताच आहे.

हवा भरताना

आधी पुढच्या टायरची हवा ठीक करा. टायरमध्ये दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे झाले तरी हाताला फोर्क बदलल्यासारखा वाटतो आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते.

फोर्कला शॉक पंपच लागतो, टायरचा पंप नाही. फोर्कच्या कप्प्यात हवा इतकी थोडी मावते की टायरच्या पंपाच्या दोन-चार दट्ट्यांत दाब बराच वर जातो. पंप जोडला की थोडी हवा त्याच्या नळीत जाते, म्हणून काटा आधीपेक्षा कमी आकडा दाखवतो. हवा गळाली असं समजू नका. पंप काढताना होणारा फुस्स आवाजही मुख्यतः नळीतल्या हवेचा असतो. शेवटी पंप जोडलेला असताना दिसला तोच आकडा खरा धरायचा. पंप पुन्हा जोडून ‘तपासायला’ गेलात, तर दर वेळी थोडी हवा कमी होत जाईल.

डाव्या पायात हवेचे दोन कप्पे असतात: पिस्टनच्या वरचा पॉझिटिव्ह आणि खालचा निगेटिव्ह. आपण फक्त वरचा भरतो. फोर्क दाबला जातो तेव्हा पिस्टन आतल्या एका खाचेपाशी येतो आणि तिथून हवा खालच्या कप्प्यात जाऊन दोन्हींचा दाब सारखा होतो. म्हणून रिकाम्या फोर्कमध्ये एकदम 80 पीएसआय भरू नका. 20-20 ने वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर हँडलबार धरून फोर्क सावकाश आठ-दहा वेळा दाबा, ट्रॅव्हलच्या पहिल्या पाव भागापर्यंत तरी. काटा खाली आला तर पुन्हा भरा. हवा काढतानाही हेच करा. वरची हवा झटकन सोडली तर खालच्या कप्प्यात जास्त दाब अडकतो आणि फोर्क स्वतःलाच आत ओढून घेतो. 160 चा फोर्क बिनभाराचा उभा असताना स्टँचन 140-145 मिलिमीटरच दिसत असेल, तर बहुधा हेच झालेलं असतं. थोडी हवा भरा, सावकाश दाबा, चाक धरून फोर्क पूर्ण वर खेचा, मग पुन्हा भरा.

तक्त्यातला आकडा फक्त सुरुवात करण्यापुरता. एका फोर्कचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. 80 किलोच्या माणसाला एका फोर्कमध्ये 55 पीएसआय पुरतात आणि दुसऱ्यात 90 लागतात. आतल्या कप्प्यांची मापं वेगळी असतात, बस. मित्राचा आकडा मागू नका, त्याचा सॅग किती टक्के आहे ते विचारा.

सॅग

तुम्ही बाइकवर उभे राहिल्यावर फोर्क जेवढा दबतो तो सॅग. ई-माउंटन बाइकच्या फोर्कला 15 ते 20 टक्के ठीक. 160 च्या फोर्कवर 15 टक्के म्हणजे 24 मिलिमीटर, 18 टक्के म्हणजे 29, 20 टक्के म्हणजे 32. सुरुवात 18 वर करा.

मापताना हेल्मेट, पॅड, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर असू द्या. मोटर बंद असावी. फोर्क जाम करणारा लॉकआउट असेल तर उघडा. कॉम्प्रेशन पूर्ण उघडं म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने शेवटपर्यंत. कुणाला तरी बाइक धरायला सांगा आणि पेडल समपातळीत ठेवून उतारावर उभे राहता तसे उभे राहा: कोपरं वाकलेली, वजन पायांवर, हँडलवर रेलायचं नाही. दोन-तीन वेळा हलकं उसळून थांबा. आता धरणाऱ्याने स्टँचनवरची रबरी रिंग सीलला टेकेपर्यंत खाली सरकवायची. रिंग नसेल तर स्टँचनला झिप टाय सैलसर बांधा. मग न उसळता हळूच उतरा आणि सील ते रिंग हे अंतर मोजा. सीटवर बसून मापलेला सॅग निरुपयोगी असतो, कारण बसल्यावर वजन मागे जातं.

सॅग जास्त आला तर 3-4 पीएसआय वाढवून पुन्हा मापा. ई-बाइकवर तक्त्यापेक्षा थोडं जास्त लागलं तर नवल नाही. तक्त्यापेक्षा 15 पीएसआय जास्त भरावे लागत असतील तर मात्र थांबा. पंपाचा काटा चुकतोय का किंवा निगेटिव्ह कप्पा नीट भरला का, ते आधी पाहा. फोर्कच्या पायावर कमाल दाब छापलेला असतो, तो कधीच ओलांडायचा नाही.

तापमानाचाही हिशेब असतो. सकाळी 15 अंशांना भरलेले 80 पीएसआय दुपारी 35 अंशांना 86-87 होतात. म्हणून उन्हात उभ्या असलेल्या बाइकवर सॅग ठरवू नये.

रिबाउंड आणि कॉम्प्रेशन

रिबाउंड म्हणजे दबलेला फोर्क परत किती वेगाने उघडतो ते. नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने शेवटपर्यंत फिरवा. तो थांबला की जोर लावायचा नाही, आतली सुई खराब होते. तिथून उलटे क्लिक मोजत या आणि कंपनीच्या तक्त्यात तुमच्या दाबासमोर जेवढे क्लिक दिलेत तिथे थांबा. तक्ता नसेल तर मधोमध. हवा जास्त असेल तर फोर्क जास्त जोराने उघडतो, त्यामुळे जड माणसाला रिबाउंड जास्त बंद लागतो. हवा बदलली की रिबाउंडही पाहायचा.

चुकलेला रिबाउंड ओळखणं थोडं अवघड आहे, कारण फार संथ रिबाउंड हाताला कडक फोर्कसारखा वाटतो. ओळीने दगड आले, पहिल्यावर फोर्क दबला आणि पुरता उघडायच्या आत दुसरा आला, तिसऱ्यापर्यंत तो अर्ध्या ट्रॅव्हलवरच अडकलेला असतो. उरलेली हवा घट्ट, म्हणून धक्का हातात येतो. माणूस समजतो हवा जास्त झाली आणि ती कमी करतो, त्यामुळे फोर्क आणखी खाली बसतो. गडाच्या पायऱ्यांसारख्या वाटेवर पहिला धक्का मऊ आणि चौथा-पाचवा कडक लागत असेल, तर हवेला हात न लावता रिबाउंड दोन क्लिक उघडा. उलट, प्रत्येक दगडानंतर हँडल हातांना वर ढकलत असेल आणि वळणात चाक जमिनीला धरून राहत नसेल, तर दोन क्लिक बंद करा.

कॉम्प्रेशन म्हणजे फोर्क दबताना होणारा अटकाव. महागड्या फोर्कवर त्याचे दोन नॉब असतात. लो-स्पीडचा संबंध स्टँचन सावकाश सरकण्याशी आहे: ब्रेकमुळे बुडणं, वळणात दबणं, शरीराचं वजन पुढे जाणं. हाय-स्पीडचा संबंध झटक्याशी: चौकोनी धारेचा दगड, उंचावरून पडणं. ‘स्पीड’ हा स्टँचनच्या हालचालीचा, बाइकच्या वेगाशी त्याचा थेट संबंध नाही. ई-बाइकवर पहिला हात लो-स्पीडच्या नॉबला. सॅग बरोबर आहे आणि ब्रेकवर तोंड बुडतंय, तर दोन क्लिक बंद करा, तोच उतार पुन्हा उतरा, मग गरजेप्रमाणे आणखी दोन. बारीक खडीवर हँडल थरथरायला लागलं की एक क्लिक मागे या. हाय-स्पीड बराचसा उघडाच ठेवा.

एका फेरीत एकच बदल. वाट तीच, दोन-तीन मिनिटांचीच असू द्या आणि प्रत्येक बदल फोनमध्ये लिहा: दाब, रिबाउंड किती क्लिक, कॉम्प्रेशन किती क्लिक, सगळे पूर्ण बंद स्थितीपासून मोजलेले. चढावर लॉकआउट लावायची सवय ई-बाइकवर सोडून द्या. थोडं वर-खाली होण्यात जाणारी ताकद मोटर भरून काढते आणि उघडा फोर्क ओल्या मुळांवर पकड देतो. ती पकड जास्त मोलाची.

टोकन

सॅग बरोबर, ब्रेकवरही ठीक, पण उडीनंतर फोर्क तळाला धडकतो. इथेही हवा वाढवायची नाही, टोकन घालायचा. टोकन म्हणजे हवेच्या कप्प्यात बसणारा प्लास्टिकचा ठोकळा. सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या ढकलला तर पहिले काही मिलिमीटर सहज जातो आणि शेवटी अडतो. कप्पा लहान केला की फोर्कमध्ये ते अडणं अधिक ठाम होतं. सुरुवातीचा मऊपणा जवळजवळ तसाच राहतो. दिवसभर अवघड वाटांवर फिरूनही रिंग 160 पैकी 130 च्या पुढे जात नसेल, तर एक टोकन काढा. किती टोकन चालतात ते ट्रॅव्हलवर ठरतं, मॉडेलच्या तक्त्यात पाहा.

टोपण उघडायच्या आधी सगळी हवा सोडा. व्हॉल्व्ह दाबून धरा आणि फोर्क दाबून उरलीसुरलीही काढा. हवा भरलेल्या फोर्कचं टोपण गोळीसारखं उडतं. टोपण पातळ आणि मऊ धातूचं असतं, म्हणून साधा पाना न वापरता तळ सपाट घासलेला सॉकेट किंवा त्या मॉडेलला लागणारं टूलच घ्या. परत बसवताना आटे आधी हाताने जुळवा, मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने कसणारा पाना. रॉकशॉक्सच्या बऱ्याच मॉडेलना 28 न्यूटन मीटर लागतात.

राइड झाल्यावर

सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांवरची लाल, चिकट माती सीलच्या ओठावर बसते. सुकली की प्रत्येक हालचालीत स्टँचन घासते. प्रेशर वॉशर फोर्ककडे रोखू नका. पाणी सीलच्या आत जातं, तेलात मिसळतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. बादली, मऊ ब्रश, साधं पाणी, मग स्वच्छ कापड. फोर्क आठ-दहा वेळा दाबा. स्टँचनवर काळपट कडं उमटेल, ते पुसा, पुन्हा दाबा, पुन्हा पुसा. गंज सोडवणारा स्प्रे किंवा चेनचं तेल स्टँचनवर मारू नका. धूळ चिकटते आणि सीलखालचं ग्रीस धुऊन जातं.

बाइक आठवडाभर उभी असेल तर फोमच्या रिंगा कोरड्या पडतात आणि पहिले काही मिलिमीटर फोर्क अडखळतो. पुढचं चाक नुसतं थोडं उचललं तर तेल तळालाच राहतं. फोम भिजवायला फोर्कची खालची बाजू वर यावी लागते. 23 किलोची बाइक डिस्प्लेवर उलटी टेकवू नका. बॅटरी काढा, ग्रिपखाली ठोकळे ठेवा, दहा मिनिटं पुरतात. नंतर हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर दोन-चार वेळा दाबून घट्ट लागतो ना, ते पाहूनच निघा.

पन्नास तास

रॉकशॉक्स लोअरची सर्व्हिस 50 तासांनी आणि डँपर-स्प्रिंगची पूर्ण सर्व्हिस 200 तासांनी सांगते. फॉक्स 125 तास किंवा वर्ष, जे आधी येईल ते. आठवड्याला दोन राइड, प्रत्येकी अडीच तास, म्हणजे दहा आठवड्यांत पन्नास तास झाले. पावसाळ्यात चिखलातून फिरलात तर कंपनीच्या आकड्याची वाट न पाहता मोसम संपल्यावर लोअर उघडाच. ई-बाइकवर दोन उतारांच्या वेळेत चार होतात, त्यामुळे ‘मी महिन्यातून चारदाच जातो’ हा हिशेब फसवा. डिस्प्ले किंवा ॲप राइडचा वेळ नोंदतं, तोच धरा.

लोअरची सर्व्हिस घरी जमते. लागतं ते एवढं: मॉडेलसाठी सांगितलेलं तेल, सस्पेन्शनचं ग्रीस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, सिरिंज, ॲलन की, प्लास्टिकचा हातोडा, टॉर्क रेंच, तेल धरायला ट्रे आणि तळाच्या बोल्टचे नवे क्रश वॉशर. बॅटरी काढा, चाक काढा, ब्रेकचा कॅलिपर आणि होज मोकळा करा. एबीएस असलेल्या बाइकवर फोर्कवरून जाणारी सेन्सरची वायरही सोडवा.

हवा पूर्ण सोडा. दाब किती होता ते आधी लिहून ठेवा. लाल नॉब काढा. तळाचे दोन्ही बोल्ट तीन-चार आटे सैल करा, पूर्ण काढू नका. त्या बोल्टच्या डोक्यावर हातोड्याने ठोका, म्हणजे आतला दांडा लोअरमधून सुटेल. बोल्ट काढून टाकल्यावर थेट दांड्यावर ठोकलं तर आटे जातात. मग ट्रे खाली धरून बोल्ट काढा आणि लोअर सरळ खाली ओढा.

बाहेर आलेलं तेल नीट पाहा. तपकिरी-काळं असेल तर नेहमीचं. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. डँपरच्या बाजूने ओतल्यापेक्षा बरंच जास्त तेल आलं, तर ते डँपरमधून गळतंय आणि ते काम वर्कशॉपचं. स्टँचन आणि लोअरचा आतला भाग अल्कोहोलने पुसा, फोमच्या रिंगा काढून धुवा आणि नव्या तेलात भिजवा, सीलच्या आतल्या ओठाला ग्रीसचा पातळ थर लावा. लोअर परत चढवताना सीलचा ओठ दुमडू देऊ नका. दोन्ही बाजू एकदम सरकल्या पाहिजेत. बुशिंगमध्ये शिरल्याचं हाताला कळतं, तिथेच थांबा. दांडे अजून तळाला टेकलेले नाहीत. फोर्क तिरपा धरून बोल्टच्या भोकांतून सिरिंजने प्रत्येक पायात तेल सोडा. मॉडेलप्रमाणे हे 10 ते 40 मिलिलिटर असतं आणि दोन्ही पायांत सारखं असेलच असं नाही. जास्त तेल म्हणजे जास्त गुळगुळीत असं नाही: लोअरमधली हवेची जागा कमी होऊन ट्रॅव्हलचा शेवट आधीच अडतो. आता लोअर पूर्ण वर ढकला, नवे वॉशर लावा, बोल्ट कसा. रॉकशॉक्सच्या बऱ्याच मॉडेलना 7.3 न्यूटन मीटर, फॉक्सच्या तळाच्या नटांना साधारण 5.6. मग हवा.

लोअरमध्ये अडकलेली हवा

पुण्यात लोअर बंद झाले आणि बाइक मनालीला नेली. पुणे साधारण 560 मीटरवर, मनाली 2,050 च्या आसपास. बाहेरचा दाब सुमारे 2 पीएसआयने उतरला, लोअरच्या आतला तसाच राहिला. 38 मिलिमीटरच्या दोन नळ्यांवर त्याचा जोर तीनेक किलोचा होतो आणि फोर्क दबेल तसा तो वाढतो. बारीक खडीवर फोर्क अचानक निबर वाटतो. लोअरच्या मागे दाब सोडायची बटणं असतील तर फोर्क पूर्ण उघडा असताना ती क्षणभर दाबा. नसतील तर सीलच्या ओठाखाली झिप टायचं गोल केलेलं टोक अलगद सरकवून हवा सोडा. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. उंची न बदलताही प्रत्येक राइडनंतर बटणातून जोरात हवा येत असेल आणि पंपावर दाब कमी होत असेल, तर हवेच्या बाजूचं सील गळून हवा लोअरमध्ये जातेय. अशा फोर्कचे तळाचे बोल्ट उघडण्याआधी ती हवा सोडलीच पाहिजे.

टकटक आणि करकर

पुढचा ब्रेक धरून बाइक पुढे-मागे हलवली आणि टक जाणवली, तर एक हात सीलपाशी ठेवा. स्टँचन आणि लोअर एकमेकांत हलत असतील तर बुशिंग झिजलंय. हलणं हेडसेटपाशी, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगपाशी, असेल तर तो कसायचा आहे. ॲक्सल कसताना फोर्कचे पाय तिरपे दाबले गेले तरी फोर्क अडखळतो. क्लँप असलेल्या फोर्कवर ॲक्सल कसून, फोर्क दोन-चार वेळा दाबून, मगच क्लँप कसा.

स्टँचनवरचा ओरखडा नखाला लागत नसेल तर सोडून द्या. लागत असेल तर 2000 ग्रिटच्या ओल्या कागदाने फक्त त्याच्या कडा उतरवा. मात्र वरचा थर उडून रंग फिका पडलेला पट्टा दिसला तर तो बरा होत नाही, उलट नवं बुशिंगही खातो. ब्रेकवर क्राउनमधून करकर येत असेल आणि हेडसेट काढून, साफ करून, ग्रीस लावूनही ती जात नसेल, तर क्राउन, स्टीअरर (क्राउनमधून हँडलकडे जाणारी नळी) आणि स्टँचन यांचा दाबून बसवलेला जोड सैल झालाय. तो घट्ट करता येत नाही. तिन्हींचा एकत्र भाग बदलावा लागतो आणि ई-बाइकच्या वजनाने ही वेळ लवकर येते. वॉरंटी संपायच्या आत ही करकर दुकानात ऐकवा. भाग मागवताना स्टीअरर तळाशी 1.5 इंचांचा आहे की काही ई-बाइकवर असतो तसा 1.8 इंचांचा, आणि तो भाग ई-बाइकसाठी मंजूर आहे का, हे दोन्ही मापून-विचारूनच पैसे भरा.